लॉर्डसाहेबांना उभं करताना

इंग्लंडच्या राजाचा वाढदिवस तो जन्मला त्या दिवशी साजरा करत नाहीत, हे मला रियाधमध्ये आल्यावर कळलं. राजा कधी का जन्मलेला असेना, जाहीर वाढदिवस जूनमध्ये, कारण तेव्हा लंडनची हवा बरी असते. लंडनची हवा बरी असते म्हणून आम्ही इकडे, जिथे जूनमध्ये गाडीचं स्टिअरिंग धरलं तरी हात भाजतात, एका म्हाताऱ्या लॉर्डाला त्या वाढदिवसासाठी उभं करण्याच्या खटपटीत होतो.

माणसं उभी करणं हा माझा धंदाच आहे. मी फिजिओथेरपिस्ट. माहेर चिपळूणचं, नोकरी रियाधच्या मलाझ भागातल्या एका खाजगी हॉस्पिटलात. गुडघे, खुबे, मणके, पक्षाघात. राजा असो की रंक, खुबा मोडला की सगळे सारखेच विव्हळतात. फरक पडतो तो बरं वाटायला लागल्यावर. गरीब माणूस बरा झाला की कामावर जातो, आणि लॉर्ड बरा झाला की गोष्टी सांगतो.

हे लॉर्डसाहेब शहराच्या उत्तरेला, उंच भिंतींच्या एका कंपाउंडमधल्या व्हिलात राहायचे. इंग्लंडच्या पार्लमेंटच्या वरच्या सभागृहात त्यांनी बरीच वर्षं काढली होती, आणि तीही जन्माच्या पुण्याईवर. वडील लॉर्ड, म्हणून हे लॉर्ड. कधीकाळी मासेमारी खात्याचे उपमंत्रीसुद्धा होते. स्वतः मात्र मासा ताटात आला की काटे कोणाला तरी काढून द्यावे लागत. पुढे तिकडच्या सरकारने असल्या जन्मजात लॉर्डांच्या जागा काढून घेतल्या आणि हे घरी बसले. लोकांनी त्यांना कधी निवडून दिलं नव्हतं, त्यामुळे लोकांनी पाडलं असंही म्हणायची सोय नव्हती. पण ते सांगायचे असं, की जणू राज्य बुडालं आणि हे शेवटच्या बुरुजावर उभे होते.

मग ते रियाधला आले. एका तरुण सौदी व्यापाऱ्याने त्यांना सल्लागार म्हणून ठेवलं. सल्ला कसला, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. कंपनीच्या कागदावर लॉर्ड हा शब्द छापता यायचा, तेवढा त्यांचा उपयोग. नावाचं भांडं घासून घासून किती वर्षं चकाकेल, हा त्या दोघांमधला प्रश्न. आपण इथे का आलो याचं लॉर्डसाहेबांचं स्वतःचं उत्तर वेगळं होतं. "राजा जिथे अजून राजा आहे," ते म्हणायचे, "तिथे माझ्यासारख्याला श्वास घेता येतो." श्वास घेता यावा म्हणून व्हिलाच्या प्रत्येक खोलीत एसी होता.

खुबा कसा मोडला, तेही त्यांच्या राजनिष्ठेला शोभेल असंच. कुठल्याशा अमीराच्या दिवाणखान्यातून निरोप घेऊन निघताना त्यांनी पाठ फिरवली नाही. राजघराण्यातल्या माणसाकडे पाठ करायची नाही, असं त्यांच्या रक्तात म्हणे. मग हे मागल्या पावलांनी, किंचित वाकून, दारापर्यंत निघाले आणि गालिच्याच्या कडेला अडखळून सपशेल आडवे झाले. तेव्हा अमीर फोनवर बोलत होता, त्याने पाहिलंसुद्धा नाही. हे मला तिथे हजर असलेल्या त्या सौदी व्यापाऱ्यानेच सांगितलं आणि सांगताना त्याला हसू आवरेना. लॉर्डसाहेब मात्र म्हणायचे, "सेवेत असताना जायबंदी झालो."

मी आठवड्यातून चार दिवस दुपारी त्यांच्याकडे जायची. दिवाणखान्यात त्यांच्या राजाचं चित्र, त्याखाली एका पूर्वजाचं. हा पूर्वज काही शतकांपूर्वी राजाच्या बाजूने आणि पार्लमेंटच्या विरुद्ध लढला. त्याने आपल्या गढीत कोंडून घेऊन अख्खा हिवाळा काढला, शेवटी घोडे खाल्ले पण दार उघडलं नाही. ही गोष्ट मी त्यांचा पाय वर-खाली करताना किती वेळा ऐकली याची गणतीच नाही. एकदा मी विचारलं, "घोडे संपल्यावर नोकरांनी काय खाल्लं?"

लॉर्डसाहेब विचारात पडले. हा प्रश्न त्यांच्या घराण्यात कोणी विचारला नसावा. "ते बहुधा निघून गेले असतील," ते म्हणाले.

दारं आतून बंद, बाहेर शत्रूचा वेढा, आणि नोकर निघून गेले असतील! मी त्यांचा पाय जरा जास्तच वर उचलला.

आमची मंडळी त्यांच्यावर फिदा होती, ते आणखी वेगळं. आमच्या मराठी कुटुंबांच्या दिवाळीच्या खाजगी कार्यक्रमाला त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. व्हीलचेअरवरून. त्यांचे पणजोबा मुंबई इलाख्यात साहेब होते आणि त्यांना आपले लोक किती भाबडे व प्रेमळ वाटत, हे त्यांनी भाषणात सांगितलं, तर आमच्या डॉक्टर-इंजिनिअरांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बाई मला म्हणाल्या, "किती साधा आहे ना गं माणूस!" माझी मुलगी इंडियन स्कूलमध्ये सातवीत. ती कानात म्हणाली, "Mumma, why are we clapping?" मी तिच्या हातात चकली दिली.

त्या घरात माणूस म्हणावा असा एकच होता, तो स्वयंपाकघरात. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे, साठीला आलेले. आयुष्य सौदीत गेलं. खमीस मुशैतला एका मेसमध्ये गोऱ्यांचं खाणं करायला शिकले, मग रियाधला या व्यापाऱ्याच्या घरी लागले. तोच त्यांचा कफील, म्हणजे सरकारदरबारी जामीन राहिलेला मालक, आणि त्याच्याच नावावर त्यांचा घरकामगाराचा इकामा, इथे राहायचा परवाना. लॉर्डसाहेब आले तेव्हा कफीलने व्हिलातल्या सोफ्यांबरोबर चाचाही त्यांना वापरायला दिले.

माझं काम आटोपलं की चाचा मला स्वयंपाकघरात बोलवायचे. लॉर्डसाहेबांसाठी बिनकाट्याचा, बिनमिठाचा, पांढराफटक मासा उकडत असायचा आणि शेजारच्या छोट्या टोपात आमच्यासाठी कोकमाचं सार. "बस गो बाय," ते म्हणायचे. "त्या म्हाताऱ्याचं हाडूक जुळवून तुझीच हाडं मोडायची."

एप्रिलमध्ये त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. चाचांना तीन मुली. थोरलीच्या निकाहाला ते जाऊ शकले नाहीत, कारण तेव्हाचा कफील परदेशी गेलेला होता. मधलीच्या वेळी इकाम्याचं नूतनीकरण अडकलं. दोन्ही वेळा मुलीचा वली, म्हणजे तिला देणारा पालक म्हणून बापाच्या जागी चुलता बसला. आता धाकटीचं ठरलं होतं. मुलगा बोटीवर नोकरीला, चांगला, गावातलाच. त्याची सुट्टी जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत, मग तो बोटीवर गेला की वर्षभर परत नाही. निकाहाचा शुक्रवार ठरला. आणि धाकटीने बापाला फोनवर सांगितलं होतं, बाबा तुम्ही नाय तर मी कबूल म्हणायची नाय.

"पोर जिद्दी हाय," चाचा म्हणाले, आणि त्यात तक्रार कमी, अभिमानच जास्त होता. "पण मी जातंच. दोघींच्या वेळी नाय गेलो. हिच्या वेळी जातंच."

जायचं म्हणजे कफीलने एक्झिट-रीएन्ट्री, देशाबाहेर जाऊन परत यायचा व्हिसा, द्यायची. कंपनीच्या कामगाराला ती आता स्वतः काढता येते, घरकामगाराला नाही. चाचा कफीलकडे गेले. कफील सभ्य माणूस. फार सभ्य. म्हणाला, माझी काही हरकत नाही, पण तू सध्या माझ्या पाहुण्याच्या सेवेत आहेस. पाहुण्याला विचार. तो हो म्हणाला की खलास.

आणि पाहुणा नाही म्हणाला. कारण त्याच शुक्रवारी व्हिलात राजाच्या वाढदिवसाची मेजवानी ठरली होती. लहानपणी लॉर्डसाहेबांच्या गढीत व्हायचं ते सुक्या मेव्याचं पुडिंग रियाधमध्ये एकट्या चाचांना जमायचं. त्या संध्याकाळी लॉर्डसाहेब वॉकर सोडून, स्वतःच्या पायांवर उभे राहून, राजाच्या नावाने ग्लास उंचावणार आणि त्यानंतर पुडिंग येणार, असा त्यांनी बेत आखला होता. मी व्यायाम घेताना ते मला हे नकाशावरची लढाई समजावल्यासारखं सांगायचे.

"मुलीचं लग्न आहे त्यांच्या," मी म्हटलं.

"मला कल्पना आहे. दुर्दैवी योगायोग. पण माझ्या घराण्यात माणूस आपली जागा सोडत नाही."

स्वतः आपली जागा, आपलं गाव, आपली गढी सोडून, दुसऱ्याच्या देशात दुसऱ्याच्या सोफ्यावर बसून हा माणूस हे सांगत होता. त्यांची गढी म्हणे आता हॉटेल झाली आहे. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला, की उरलेले व्यायाम मी तोंडातून एक शब्द न काढता घेतले. त्यांना वाटलं, मी प्रभावित झाले.

आता कॉफीची गोष्ट सांगायला हवी. लॉर्डसाहेब तरुणपणी हफ्र अल बातिनच्या बाजूला वाळवंटात फिरले होते आणि कुणा टोळीच्या शेखच्या तंबूत राहिले होते. तिथला एक रिवाज ते प्रत्येक पाहुण्याला सांगत. मागणं घेऊन आलेला माणूस यजमानाने दिलेली कॉफी पीत नाही. कप समोर ठेवून गप्प बसतो. यजमानाने ओळखायचं. तो म्हणतो, 'कॉफी पी, तुझं काम झालं,' मगच तो कप उचलतो. कप तसाच राहिला तर यजमानाची अब्रू गेली. लॉर्डसाहेबांनी म्हणे असाच कप ठेवला होता आणि शेखने त्यांना आपला बहिरी ससाणा दिला होता. "हा खरा खानदानीपणा," ते म्हणायचे. "इथे माणसाला मागावं लागत नाही. आमच्याकडे हे सगळं मेलं." ही गोष्ट सांगताना त्यांचे डोळे ओलावायचे. ससाण्याचं पुढे काय झालं, ते कधी सांगितलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी व्हिलात कफील आणि त्याचे एक-दोन सोबती यायचे. अरबी कॉफी चाचाच द्यायचे, डाव्या हातात लांब चोचीची किटली, उजव्या हातात कपांची चवड. म्हणजे ती गोष्ट चाचांनी माझ्याहूनही जास्त वेळा ऐकली होती.

मेजवानीच्या दोन आठवडे आधीच्या गुरुवारी माझं सत्र लांबलं होतं. लॉर्डसाहेबांना पाहुण्यांदेखत उभं राहून दाखवायचं होतं, म्हणून मी त्यांच्या खुर्चीमागे थांबले होते. उभे राहिले, वाहवा झाली, बसले. चाचांनी कॉफी फिरवली. सगळ्यांना देऊन झाल्यावर किटली खाली ठेवली. मग त्यांनी आणखी एक कप भरला, लॉर्डसाहेबांच्या समोर गालिच्यावर बसले, आणि तो कप आपल्यापुढे ठेवला. हात मांडीवर. मान खाली.

चाचांना त्या दिवाणखान्यात बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. कफीलला एका क्षणात कळलं. त्याचा चेहरा उतरला, आणि तो खिशातला फोन काढून त्यात बघू लागला. मला वाटलं, आता तरी. आपल्याच तोंडची गोष्ट आहे, आता शब्द मागे कसा घेणार हा माणूस?

लॉर्डसाहेबांनी मान वळवून मला विचारलं, "हा काय करतोय?"

"तुम्ही सांगता ते," मी म्हटलं.

तेव्हा त्यांना उमगलं. आणि ते हसले. मनापासून, खुबा हलेल इतके हसले. "वा! फारच गोड!" ते पाहुण्यांना म्हणाले. मग पुढे वाकून चाचांना, लहान मुलाला समजावतात तसं म्हणाले, "पण हे बरोबरीच्या माणसांत असतं, बाबा. तुला कसं कळणार."

कफीलने फोनमधून डोकं वर काढलं नाही. लंडनमधलं त्याचं कसलंसं काम लॉर्डसाहेबांच्या ओळखीने व्हायचं होतं, आणि शिवाय तो सभ्य होता. सभ्य माणसांनी जगाचं किती वाटोळं केलं आहे याचा हिशेब कोणी मांडत नाही. चाचांनी कप उचलून ट्रेमध्ये ठेवला. उठताना एक हात जमिनीला आणि एक गुडघ्याला लावून, थांबत थांबत उठले. त्या खोलीत ज्या सांध्यांना खरोखर माझी गरज होती, ते त्यांचे होते.

मी मागोमाग स्वयंपाकघरात गेले. ते कप विसळत होते.

"माझंच चुकलं, बाय," ते म्हणाले. "मला वाटलं, राजाला एवढा मानतो, तर कोणाला तरी मानतच असेल."

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. मी तडक परत जाऊन लॉर्डसाहेबांना स्पष्ट विचारलं, चाचांना चार दिवसांसाठी सोडलं तर काय बिघडेल? मेजवानीचं जेवण हॉटेलातून मागवता येईल. ते शांतपणे म्हणाले, तुमची कळकळ मला समजते, मी काहीतरी करतो. मला पुन्हा आशा वाटली. शिकली-सवरलेली मी, पण आशेच्या बाबतीत मी पण हरभऱ्याच्या झाडावर लवकर चढते.

पुढच्या सत्राला त्यांनी काय केलं ते दाखवलं. नवरीसाठी भेट. चांदीच्या रंगाच्या चौकटीत लॉर्डसाहेबांचा स्वतःचा फोटो, सभागृहातल्या लाल झग्यातला, खाली सही. चाचांच्या मुलीने तो संसारात कुठे लावायचा होता देव जाणे. चाचांनी दोन्ही हातांनी घेतला, शुक्रिया म्हणाले आणि स्वयंपाकघरातल्या फॉइलच्या खणात खाली ठेवून दिला.

शुक्रवार आला. पाहुणे सूट घालून आणि पांढरे पायघोळ थोब घालून आले. टेबलावर इंग्लंडचा छोटा झेंडा. ग्लासात सफरचंदाचा रस, सोडा आणि पुदिना. इकडे त्याला सौदी शॅम्पेन म्हणतात. राजाच्या नावाने पुदिन्याचं सरबत! मला लॉर्डसाहेबांच्या खुर्चीमागे उभं केलं होतं, ते कोलमडले तर धरायला. इस्त्रीचा युनिफॉर्म घालून ये, असा खास निरोप होता.

तिकडे गावात इशाची, म्हणजे रात्रीची नमाज उरकून निकाहाला माणसं जमली असणार, हे मला ठाऊक होतं. शेवटी असं ठरलं होतं, की चाचा फोनवरून आपल्या भावाला वकील नेमतील आणि भाऊ बापाच्या जागी बसेल. तिसऱ्यांदा. मुलीची समजूत घातली आहे, असं चाचा मला म्हणाले होते. पण मुलीशी त्यांचं स्वतःचं बोलणं झालं नव्हतं. ती फोनवर आली नव्हती.

जेवण झालं. लॉर्डसाहेबांनी ग्लासावर चमचा वाजवला. मी त्यांच्या कमरेमागे हात धरला, न लावता. ते उठले. खरंच उठले, वॉकरशिवाय, सरळ, थरथर नाही. माझं काम मी चोख केलं होतं, याचं मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. "राजा!" ते म्हणाले, आणि सगळे उठले. "राजा!" सगळे म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी. कोणासाठी? जो एका खोलीत असूनही यांना ओळखणार नाही अशा माणसासाठी.

मग ते बसले, आणि सगळे पुडिंगची वाट पाहू लागले. पुडिंग येईना. लॉर्डसाहेबांनी माझ्याकडे पाहून भुवई उडवली. मी आत गेले.

पुडिंग ओट्यावर तयार होतं. चाचा त्याच्याकडे पाठ करून उभे होते. समोर साखरेच्या डब्याला टेकून ठेवलेला फोन आणि पडद्यावर गावातल्या घराची बायकांची खोली. साक्षीदार आणि चाचांचे भाऊ मुलीची संमती विचारायला आत आले होते. हिरवी ओढणी पुढे ओढलेली ती पोर गुडघे जवळ घेऊन बसली होती.

"बाबा येऊदेत," ती म्हणाली. "मग विचारा मला."

"अगो, आठ दिवसांत पोरगा बोटीवर जाईल!" कोणीतरी बाई कळवळून म्हणाली.

"जाऊदे. एक वर्सानं येईल. माझ्या बहिणींच्या वेळी तुम्ही बाबांच्या जागी बसलाव, काका. माझ्या वेळी ती जागा रिकामी ऱ्हाऊदे."

चाचांनी कमरेच्या फडक्याने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. "बेटी, असा नको करू," एवढंच म्हणाले, आणि त्यांच्या आवाजावरून कोणालाही कळलं असतं, की तिने हेच करावं असं त्यांना आतून वाटतंय. फोनवर पुरुषांचा गलबला ऐकू येत होता. मग एक तरुण आवाज, दाराबाहेरून, लाजत पण मोठ्याने म्हणाला, "चाचा, मी थांबतो. बोटीची तारीख येईपर्यंत थांबतो." नवरा मुलगाच होता तो.

माझ्या मागे कोणीतरी उभं होतं. कफील. त्यालाही पुडिंग का येत नाही ते बघायला पाठवलं होतं. त्याने मला विचारलं, काय झालं? मी माझ्या मोडक्या अरबीत आणि इंग्रजीत सांगितलं: मुलीचा निकाह, बाप वली, बाप इथे, मुलगी नाही म्हणतेय.

"आज?" तो म्हणाला. "आज आहे?"

महिनाभर त्याला लग्न आहे एवढंच ठाऊक होतं. कधी, हे त्याने विचारलं नव्हतं. त्याने फोनमधल्या मुलीकडे पाहिलं आणि पटकन नजर बाजूला केली, त्यांच्यातल्या रिवाजाप्रमाणे. मग खिशातून स्वतःचा फोन काढला. अंगठ्याने काहीतरी उघडलं, काहीतरी दाबलं, पुन्हा दाबलं. पुडिंगवरची साय घट्ट व्हायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. "खलास," तो म्हणाला. "व्हिसा निघाला. सकाळच्या विमानाने जा. यल्ला, चल." एवढं बोलून तो मागच्या दाराने बाहेर गेला, पाहुण्यांचा निरोप न घेता.

चाचा मटकन स्टुलावर बसले. मला आनंद झाला, खूप झाला. पण त्या आनंदात एक काटा होता, तो अजून निघाला नाही. महिनाभर एक म्हातारा माणूस ज्याच्यासाठी झुकला, बसला, हसं करून घेतलं, ते काम अंगठ्याच्या दोन टिचक्यांचं होतं. करणाऱ्याला कधीही करता आलं असतं. त्याला फक्त लाज वाटायची बाकी होती, आणि ती वाटायला खाडीकाठच्या एका पोरीला भरल्या मांडवात हट्ट धरावा लागला.

पुढचं मला व्हॉट्सअॅपवर कळलं. चाचा पोचले, निकाह सोमवारी झाला, मुलगा वेळेत बोटीवर गेला. फोटोत चाचा वलीच्या जागी बसलेले आहेत, पांढरी टोपी, पाठ ताठ.

मेजवानीच्या त्या रात्री पुडिंग मीच नेलं. लॉर्डसाहेबांनी उशीर का झाला ते विचारलं, मी सांगितलं. सगळं सांगितलं, पाहुण्यांदेखत.

"म्हणजे," ते चमचा थांबवून म्हणाले, "त्या मुलीने एका स्वयंपाक्यासाठी स्वतःचं लग्न थांबवलं?"

"बापासाठी," मी म्हटलं.

त्यांनी चमचा खाली ठेवला आणि समोरच्या झेंड्याकडे पाहिलं. मला वाटलं, कुठेतरी काहीतरी हललं असेल. आयुष्यभर निष्ठा, निष्ठा करत आलेल्या माणसाला निष्ठा समोर दिसल्यावर ओळखता तरी येईल. मग ते माझ्याकडे वळून काळजीने म्हणाले, "पण मग उद्या सकाळी माझी अंडी कोण करणार?"

मी वॉकर ओढून त्यांच्या खुर्चीपुढे ठेवला. "उठा," मी म्हटलं. "स्वयंपाकघर त्या बाजूला आहे."